दोनशे बारा नंबरची पाटी

१

“साहेब, माझं झाड मला दाखवाल का?”

हा प्रश्न खरं तर माझा नव्हता, घोरपडीचा होता. घोरपड म्हणजे माझी मैत्रीण. एखादी गोष्ट धरली की सोडत नाही, म्हणून सातवीत तिला हे नाव पडलं आणि तिलाही ते आवडतं. कंपनीच्या कुटुंबमेळाव्याला मी तिला आणि वर्गातल्या आणखी दोघींना घेऊन गेले होते. पैज अशी होती, की भाषण संपल्यावर मोठे साहेब ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हणाले की मी खरोखर उठून विचारायचं. विचारलं तर महिनाभर माझं दप्तर त्या तिघी उचलणार.

गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून मात्र माझ्या तोंडाला कुलूप उरलेलं नाही, असं आई म्हणते. मी उठले. चारशे माना वळल्या. पहिल्या रांगेतली एक मान तेवढी वळली नाही. ती बाबांची होती.

बाबांची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते. पुठ्ठ्याला झाडं लागतात, म्हणून पाच वर्षांपूर्वी कंपनीने एक उजाड टेकडी दत्तक घेतली. योजनेचं नाव ‘एक माणूस, एक झाड’. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षातून एका दिवसाचा पगार द्यायचा आणि टेकडीवर त्याच्या नावाचं एक झाड वाढणार. झाडाला नंबराची पत्र्याची पाटी, आणि दर वर्षी त्या झाडाच्या फोटोचं कार्ड घरपोच. या योजनेचं काम बाबांकडे आहे. ऑफिसात त्यांना ‘झाडवाले’च म्हणतात. त्यांनी आपल्या वाटचं झाड माझ्या दहाव्या वाढदिवसाला माझ्या नावाने लावलं. नंबर दोनशे बारा. पुढच्या चारही वाढदिवसांना केकच्या आधी मला कार्ड मिळालं.

यंदा वाढदिवस आठवड्यावर आला होता आणि कुणाचंच कार्ड आलं नव्हतं. “छपाई रखडलीय,” बाबा म्हणत होते.

मोठे साहेब दिलखुलास हसले. “दाखवाल का काय? उद्याच बघ! रविवारच आहे. काढा रे एक बस!”

टाळ्या पडल्या. घोरपडीने तिथल्या तिथे माझी पर्स खांद्याला लावली, दप्तराची रंगीत तालीम म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तीस जण बसमध्ये होतो. बाबा सगळ्यांत शेवटी आले. त्यांचे ते बिननाडीचे बूट पायात सरकवायला पाच मिनिटं आणि एक चमचा लागतो, त्यामुळे याचं कुणाला नवल वाटलं नाही.

बस टेकडीवर थांबली. आम्ही हसत-खिदळत उतरलो आणि एकामागून एक गप्प झालो.

टेकडीवर आमचं एकही झाड नव्हतं.

२

होतं ते सांगते. वाळकं गवत होतं, कडेला एकच जुनं झाड होतं. ओळीने खणलेले सहाशे खड्डे होते, निम्मे बुजलेले. काही खड्ड्यांत आधाराच्या काठ्या तिरक्या उभ्या होत्या. आधार द्यायला काहीच नसलेल्या काठ्या किती मूर्ख दिसतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

पहिल्यांदा बोलल्या त्या मॅडम. देणगी विभाग त्यांच्याकडे आहे, बाबा त्यांच्या हाताखाली काम करतात. “चोरी!” त्या म्हणाल्या आणि त्यांनी बोट दाखवलं. टेकडीवरच्या एकुलत्या एक पत्र्याच्या खोलीमागे लाकडं रचलेली होती. खोलीसमोर रखवालदार उभा होता. साठीचा, गळ्यात शिट्टी, पाय अनवाणी.

मोठे साहेब लालबुंद झाले. सहाशे माणसांच्या भावनांचा प्रश्न होता, म्हणाले. पुढच्या रविवारी सकाळी दहाला आपण स्वतः येणार. तोवर खोली रिकामी हवी आणि झाडं विकल्याच्या कबुलीवर अंगठा हवा, नाहीतर पोलीस.

रखवालदार आमच्या घोळक्याकडे बघत राहिला. मी बाबांना शोधलं. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते.

परतताना बसमध्ये सगळे रखवालदाराला शिव्या घालत होते. प्रश्न विचारला मी आणि घर चाललं त्याचं. घोरपड म्हणाली, “त्याने खरंच चोरली असतील तर?”

“आणि नसतील तर?”

बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी टेकडीवर गेलो. दप्तर अर्थात तिच्या खांद्यावर. रखवालदाराची बायको भांडी पोत्यात भरत होती. आम्हाला बघून तिने तोंड फिरवलं.

“आलात?” रखवालदार म्हणाला. “चोर बघायला तिकीट लावावं म्हणतो.”

घोरपडीला आडून विचारता येत नाही. “काका, तुम्ही झाडं विकलीत?”

“विकली ना. विमान घेतलं त्यातून. मागे उभंय, बघून ये.”

मागे लाकडं होती. सगळ्यात जाड फांदी माझ्या अंगठ्याएवढी, आणि सगळी काटेरी झुडपांची. मी खड्ड्यांच्या चार ओळी पायाने गवत सारत तपासल्या. परत आले तेव्हा माझा आवाज जरा जास्तच मोठा झाला होता. “काका, झाड तोडलं तर बूड उरतं! इथे एकसुद्धा बूड नाही!”

“शाबास. बसभर माणसं आली होती, कुणाच्या डोक्यात आलं नाही. सहाशे चोऱ्या आणि बूड एक नाही.”

“मग झाडं गेली कुठे?”

“जायला आधी यावी लागतात. बोटाएवढी रोपं आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात मेली. लावायला अख्खी कंपनी आली होती, टोप्या घालून. पाणी घालायला कोण येतं? गावातल्या शाळेच्या मास्तरांकडून तीनदा अर्ज लिहून घेतला, टँकर द्या म्हणून. पाण्याचा फोटो चांगला येत नसेल बहुतेक.”

“पण फोटो आहेत,” मी म्हणाले आणि दप्तरातून माझी चार कार्डं काढली. प्रत्येकावर एक बारीक हिरवं झाड, खोडाला बांधलेली २१२ची पाटी आणि बाजूला उभी केलेली काळी-पांढरी मोजपट्टी. झाड किती वाढलं ते कळावं म्हणून.

रखवालदाराने चारही कार्डं ओळीने मांडली. बराच वेळ बघितलं. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

“पोरी, ही पाटी चढते कशी गं?”

“म्हणजे?”

“दर वर्षी वर वर सरकलीय, बघ की.” त्याने मला खोलीशेजारच्या जुन्या झाडापाशी नेलं. तिथे एक गंजका खिळा होता. “कंदील टांगायला लग्नाच्या वर्षी ठोकला. तेव्हा छातीला लागायचा. आज?”

“छातीलाच.”

“झाड शेंड्याने वाढतं. खोडावर ठोकलेलं, बांधलेलं जिथल्या तिथे राहतं. ते माणसाच्या पोरासारखं अख्खंच्या अख्खं वर सरकत नाही. ज्याने ही पाटी बांधली, त्याने झाड कधी नीट बघितलेलंच नाही. मी असली चूक करीन?”

नसती केली. त्याच्या डोळ्यांसमोर रोज तो खिळा होता. फोटो बनवणारा माणूस दुसराच कुणीतरी होता, ऑफिसातला.

“कोण असेल, काका?”

त्याने खिळ्यावरचा गंज अंगठ्याने पुसला. मग म्हणाला, “ज्याला बांधताना पाहिलं नाही त्याचं नाव मी घेत नाही. आळ काय असतो ते आता कळलंय मला. घर जाईना का. पण चोर म्हणून नको. चोराला दुसरी राखण कोण देतं?”

त्याच्या बायकोने पोत्याचं तोंड आवळलं.

परतीच्या बसमध्ये मी वहीत संशयितांची यादी केली. कार्डांना हात लागणारी माणसं तीन: मॅडम, फोटो स्टुडिओवाला आणि बाबा. तिसऱ्या नावावर मी लगेच काट मारली. तपास करणाऱ्याचे वडील कधी संशयित असतात का?

घोरपड ती काट बघत राहिली. बोलली मात्र काही नाही, आणि घोरपड गप्प बसणं हे चांगलं लक्षण नव्हे.

३

फोटो स्टुडिओ आमच्या शाळेच्या मागेच आहे. स्टुडिओवाला एका आजोबांचा पासपोर्टचा फोटो काढत होता. “हसू नका आजोबा. परदेशात हसत नाहीत.”

आजोबा गेल्यावर मी कार्डं समोर ठेवली. त्याने हात वर केले. “मी काढलेले नाहीत. मी फक्त कापतो आणि छापतो. कंपनीचा शिपाई पेनड्राइव्ह आणतो, पाकिटावर मॅडमची सही असते. मी मेहनत केलीय ती आकाश निळं करायची.”

“अख्खे फोटो आहेत? कापायच्या आधीचे?”

होते. त्याने कॉम्प्युटर फिरवला. पहिला फोटो, दुसरा, तिसरा. पंधराव्या फोटोला घोरपड ओरडली, “हे दोन फाट्यांचं दुबेळकं झाड मघाशी येऊन गेलं!”

“येणारच,” स्टुडिओवाला म्हणाला. “झाडं बारा आहेत. पाट्या सहाशे.”

“आणि तुम्ही चार वर्षं कुणाला सांगितलं नाही?”

“कुणी विचारलं? लग्नाच्या अल्बमात नवऱ्याचं टक्कल झाकतो, तेव्हा कुणी चौकशी करतं का? लोकांना बरं वाटतं, कार्ड फ्रिजवर लावतात.”

मला त्याचा राग यायला हवा होता. पण आमच्या फ्रिजवरही होतीच की. पाच वर्षांत सहाशे माणसांतलं एकही टेकडीवर बघायला गेलं नव्हतं, आणि त्यात मीही होते. बसने पाऊण तास लागतो.

मी माझा, दोनशे बाराचा, अख्खा फोटो मागितला. झाडामागे कडेला निळं लोखंडी शटर दिसत होतं आणि त्यावर पांढऱ्या रंगात मोठा चार.

तो आकडा मी लहानपणापासून बघत आले होते. कंपनीचं चार नंबरचं गोदाम.

४

शुक्रवारी आम्ही दोघी गोदामामागे गेलो. बारा झाडं तरी खरी असतील ना? कुणाच्याही नावाची असोत, पण आहेत. मी मनात ठरवलं होतं, त्यांतल्या माझ्या झाडाला एकदा हात लावायचा.

गोदामामागे काँक्रीटचं मोठं अंगण होतं. एक ट्रक मागे येत पीं पीं करत होता.

“झाडं?” गेटवरचा वॉचमन म्हणाला. “उन्हाळ्यात तोडली की. माल चढवायला जागा नको? लहान-मोठी चाळीसेक होती. रीतसर परवानगी घेऊन हां! त्या बदल्यात टेकडीवर सहाशे लावलीयत म्हणे. फोटो दाखवले तेव्हा कुठे मंजुरी मिळाली.”

मी कठड्यावर बसले. नसलेल्या सहाशे झाडांनी असलेली चाळीस झाडं खाल्ली होती. आणि यंदा कार्ड का आलं नाही, तेही कळलं. फोटो काढायलासुद्धा झाड उरलं नव्हतं.

“इथे काय करताय, मुलींनो?”

मॅडम होत्या. चेहऱ्यावर राग वगैरे काही नाही. घोरपडीने बाण सोडला. “फोटो तुम्ही काढलेत ना?”

“मी?” त्यांना खरंच हसू आलं. “मला मोबाइलवर सेल्फी जमत नाही. मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की मला हिरवं पाहिजे. मेलेल्या झाडासाठी कुणी पगार देत नाही. हिरवं कुठून आणायचं ते मी सांगितलं नाही आणि कधी विचारलंही नाही.”

“रखवालदाराने चोरी केली नाही, हे तुम्हाला माहीत आहे,” मी म्हणाले.

“मला इतकंच माहीत आहे, की रविवारी प्रकरण मिटेल आणि पुढच्या महिन्यात नवी टेकडी घेऊ. लोक पुन्हा देतील. देणाऱ्याला द्यायचंच असतं गं, तो मागे वळून बघत नाही.”

“कुणाला म्हणालात? हिरवं पाहिजे असं कुणाला म्हणालात?”

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती, आणि ती खोटी नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

“घरी जा, बाळ. उद्या तुझा वाढदिवस आहे ना?”

बसभर मी एकच विचार करत होते. माझा वाढदिवस यांच्या लक्षात कसा?

५

शनिवारी सकाळी आईने मला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं. आई शिवणकाम करते. गळ्यातल्या टेपाने ती जगाची मापं घेते, आणि दर वाढदिवसाला माझी उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिते.

“टाचा खाली. केस दाब. एकशे अठ्ठावन्न! टिल्लू म्हणायचं आता बंद करा हो!” तिने आत बघून बाबांना सांगितलं.

मी वळून नव्या रेघेकडे बघितलं. मग तिच्याखालच्या रेघांकडे. एकशे पंचावन्न. एकशे बावन्न. एकशे पंचेचाळीस. एकशे अडतीस.

‘माणसाच्या पोरासारखं अख्खंच्या अख्खं वर सरकत नाही.’

मी आईच्या मशिनजवळचं भिंग घेतलं, कार्डं काढली आणि जमिनीवर फतकल मारली. काळ्या-पांढऱ्या मोजपट्टीवर सेंटिमीटरच्या बारीक खुणा होत्या. अकराव्या वाढदिवसाचं कार्ड: पाटी एकशे अडतीसवर. बाराव्याचं: एकशे पंचेचाळीस. तेराव्याचं: एकशे बावन्न. चौदाव्या वर्षी मी तीनच सेंटिमीटर वाढले होते, आणि किती रडले होते तेव्हा. पाटीसुद्धा तीनच सेंटिमीटर चढली होती.

हे आकडे जगात एकाच लाकडावर लिहिलेले होते. मॅडमने ते पाहिलेले नव्हते, स्टुडिओवाल्यानेही नव्हते.

मी दारातल्या चपलांच्या कप्प्याकडे बघितलं. बाबांचे बूट तिथेच होते. त्यांना नाडी नव्हती. कधीच नव्हती. मग टेकडीवर वाकून बाबा काय बांधत होते?

वहीतल्या तिसऱ्या नावावरची काट मी खोडरबराने पुसायला गेले. ती पेनाने मारलेली होती.

६

दुपारी जेवणं झाल्यावर मी चारही कार्डं बाबांच्या ताटाच्या जागी मांडली आणि शेजारी चौकटीवरचे आकडे उतरवलेला कागद ठेवला. बाबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

“पहिल्या वर्षी मी खरंच टेकडीवर गेलो होतो, कॅमेरा घेऊन,” ते म्हणाले. “सहाशे काड्या. रखवालदाराचे अर्ज माझ्याच टेबलावर होते, मी वर पाठवले होते, तिथून काही आलं नाही. मॅडम म्हणाल्या, हिरवं आणा. तुझा वाढदिवस चार दिवसांवर होता, तेही मी त्यांना बोललो होतो. तू रोज विचारायचीस, माझं झाड केवढं झालं? मी गोदामामागे गेलो. फक्त तुझं एक कार्ड करणार होतो, टिल्लू. एकच. मग वाटलं, बाकीच्यांना काय सांगू?”

“आणि पाटी?”

“कितीवर बांधायची ते कळेना. मला झाडातलं काय कळतं? तुझी उंची पाठ होती.”

आईचं मशिन थांबलं होतं. तिला आधी माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. तिने सुईतला दोरा दाताने तोडला आणि तो बोटाला गुंडाळत बसली.

“रखवालदार उद्या अंगठा देणार आहे, बाबा.”

“त्याला मी दुसरीकडे चिकटवून देईन. शब्द देतो.”

“चोराला राखण कोण देतं?”

बाबांनी चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. मग हळू आवाजात, समजावत बोलले. “मी तोंड उघडलं तर मी जाईन. मॅडम राहतील. त्यांनी काही लिहून दिलेलं नाही. गोदामामागची झाडं परत येणार नाहीत, टेकडीवर एक पान उगवणार नाही. त्याची खोलीसुद्धा वाचेलच असं नाही, त्यांना ती टेकडी आता नकोच आहे. सांग, कोणाचं भलं होईल?”

मी उत्तर शोधलं. वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेली मुलगी मी, पण मला एकही वाक्य सापडलं नाही, कारण त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. दप्तरातून घोरपडीची फूटपट्टी डोकावत होती, दप्तर उचलताना तिने त्यातच टाकलेली. पैज जिंकूनही मला ते दप्तर आता महिनाभर स्वतःच उचलावंसं वाटत होतं.

मी कार्डं गोळा केली. एकावर एक ठेवली. कागद घडी करून त्यांच्यावर ठेवला.

“आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या आठच्या बसने मी टेकडीवर जाणार. दहाला मोठे साहेब येतील. त्यांच्यासमोर ही कार्डं ठेवणार आणि पाटी एकशे पंचावन्नवरच का आहे ते सांगणार. कुणाचं भलं होणार नाही, ठाऊक आहे मला. पण त्या काकांनी नाव घेतलं नाही, बाबा. संशय असूनसुद्धा घेतलं नाही. ते चोर म्हणून टेकडी उतरणार नाहीत. तुम्ही आलात तर तुम्ही सांगा, मी नुसती शेजारी उभी राहीन. नाही आलात तर मी सांगेन. तुम्हाला बूट घालायला वेळ लागतो, म्हणून आजच सांगून ठेवतेय.”